सातचा आकडा आणि सत्तरीचं शरीर

रक्ततपासणीचा रिपोर्ट आला की मधुमेहाच्या घरातली सगळी माणसं आधी एकच ओळ शोधतात. एचबीएवनसी. बोलण्यात तिला 'तीन महिन्यांची साखर' म्हणतात. आकडा सातच्या आत असेल तर घर निर्धास्त. सातच्या वर असेल तर चहातल्या चिमूटभर साखरेपासून परवाच्या लग्नातल्या जिलबीपर्यंत सगळ्याची उलटतपासणी. त्या आकड्याखाली बारीक टायपात जे छापलेलं असतं, तिकडे मात्र सहसा कुणी पाहत नाही. अनेक लॅबच्या रिपोर्टवर तिथे वयाप्रमाणे उपचाराचं उद्दिष्ट दिलेलं असतं आणि ते दोनच ओळींत संपतं: एकोणीस वर्षांखालच्यांसाठी साडेसातच्या आत, एकोणीसच्या वरच्यांसाठी सातच्या आत. म्हणजे वीस वर्षांची कॉलेजातली मुलगी आणि काठी टेकत न्हाणीघरापर्यंत जाणारी तिची ब्याऐंशी वर्षांची आजी, दोघी एकाच ओळीत. लहान मुलांचं शरीर वेगळं, त्यांना माप वेगळं हवं, हे आपण ओळखलं. म्हाताऱ्या शरीराबाबत तेच ओळखायला आपण अजून तयार नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. वय वाढतं तसा हा आकडा कमी भरवशाचा होत जातो. तो खाली ठेवल्याचा फायदा हाती पडायला लागणारी वर्षं तेवढीच राहतात, पण माणसाजवळची वर्षं कमी होतात. आणि तो खाली ठेवताना होणारा धोका दर वर्षी वाढत जातो. असं असताना ऐंशीच्या माणसाला पंचेचाळिशीचं माप लावणं ही दक्षता नाही. त्यात माणसं पडतात, खुब्याची हाडं मोडतात, काही दगावतात, आणि यातलं बरंचसं टाळता येण्यासारखं असतं.

हा आकडा मोजतो काय, ते आधी नीट पाहू. रक्तातलं ग्लुकोज तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटतं आणि पेशी मरेपर्यंत चिकटूनच राहतं. तांबड्या पेशीचं आयुष्य सुमारे 120 दिवसांचं. त्यामुळे एकूण हिमोग्लोबिनपैकी किती टक्के असं साखरलेलं आहे यावरून गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते, आणि त्यातही निम्मा वाटा शेवटच्या महिन्याचा असतो. सात टक्के म्हणजे सरासरी साखर सुमारे 154, आठ टक्के म्हणजे 183. मधुमेहींच्या रक्तातलं हे निराळं हिमोग्लोबिन सॅम्युएल रहबर या संशोधकाने 1968 साली तेहरानमध्ये टिपलं आणि पुढच्या दशकात ते साखरेवरच्या ताब्याचं माप म्हणून वापरात येऊ लागलं. माप उत्तम आहे यात वाद नाही. उपाशीपोटी जावं लागत नाही, आणि तपासणीच्या आधी दोन दिवस गोड टाळून त्याला फसवताही येत नाही.

मग सात हेच उद्दिष्ट का? त्याच्यामागे दोन मोठे अभ्यास आहेत आणि दोन्ही भक्कम आहेत. पहिला डीसीसीटी, अमेरिका आणि कॅनडातला, 1983 ते 1993 या काळातला. टाइप वन मधुमेहाचे 1,441 रुग्ण त्यात होते. एका गटाची तीन महिन्यांची साखर सातच्या आसपास ठेवली, दुसऱ्याची नऊच्या आसपास राहिली. सातच्या गटात डोळ्यांच्या पडद्याचा आजार नव्याने होण्याचं प्रमाण तीन चतुर्थांशाने घटलं. दुसरा अभ्यास ब्रिटनमधला, यूकेपीडीएस, 1977 साली सुरू झालेला आणि 1998 साली निष्कर्ष जाहीर झालेला. तो टाइप टू मधुमेहाचा, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेकांना असतो त्याचा. तिथे 7.0 आणि 7.9 अशा दोन गटांत डोळे, मूत्रपिंड वगैरेंच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंतीत 25 टक्क्यांचा फरक पडला. सातच्या आकड्याने जगभरात लाखो लोकांची दृष्टी आणि मूत्रपिंडं वाचवली असतील, त्याबद्दल कृतज्ञच राहायला हवं.

पण या दोन अभ्यासांत कोण होतं? डीसीसीटीतले रुग्ण 13 ते 39 वयाचे. यूकेपीडीएसमधले 25 ते 65 वयाचे, आणि तेही नुकतंच निदान झालेले. वीस वर्षं मधुमेह अंगावर घेऊन पंचाहत्तरीला पोचलेला माणूस या दोन्ही ठिकाणी नव्हता. शिवाय फायदा दिसायला यूकेपीडीएसमध्ये दहाएक वर्षं जावी लागली. आज साखर घट्ट आवळली तर त्याचं फळ दहा वर्षांनी शाबूत राहिलेल्या दृष्टीच्या रूपाने मिळतं. पन्नाशीतल्या माणसासाठी हा व्यवहार निर्विवाद फायद्याचा. हृदय कमकुवत झालेल्या, दोनदा रुग्णालयात जाऊन आलेल्या ऐंशीच्या माणसासाठी तो तसा आहे का, हा प्रश्न विचारला जायला हवा, आणि आपल्या दवाखान्यांत तो फारसा विचारला जात नाही.

उतारवयाकडे झुकलेल्या लोकांवर साखर आणखी आवळण्याचा मोठा प्रयोग पुढे झाला. त्याचं नाव ॲकॉर्ड. 10,251 माणसं, सरासरी वय 62, मधुमेह जुना, हृदयविकाराचा धोका जास्त. एका गटाला सहाच्या आत आणायचं, दुसऱ्याला सात ते 7.9 च्या दरम्यान ठेवायचं. फेब्रुवारी 2008 मध्ये, जेमतेम साडेतीन वर्षांनी, प्रयोगाचा हा भाग मुदतीआधी थांबवावा लागला. कडक गटात 257 मृत्यू झाले होते, सैल गटात 203. त्याच सुमाराच्या ॲडव्हान्स नावाच्या अभ्यासात साडेसहापर्यंत खाली आणूनही मृत्यू वाढले नाहीत, तेव्हा साखर उतरवणं हेच मारक असतं असा अर्थ कुणी काढू नये. ॲकॉर्डमध्ये नेमकं काय बिघडलं यावर तज्ज्ञांचं एकमतही झालेलं नाही. एवढं मात्र त्या दिवसानंतर ठामपणे सांगता येतं: या आजारात 'जितकं कमी तितकं चांगलं' हा नियम सरसकट लागू नाही.

आता वयाकडे येऊ. मधुमेह नसलेल्या माणसाची तीन महिन्यांची साखरसुद्धा वयाबरोबर वर सरकते. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम अभ्यासातल्या आणि तिथल्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणातल्या, मधुमेह नसलेल्या लोकांचे आकडे 2008 साली एकत्र मांडले गेले. दर दहा वर्षांना सुमारे 0.1 टक्क्याची वाढ दिसली. तरुण निरोगी माणसात जी वरची मर्यादा मानावी, तिच्यापेक्षा सत्तरीपुढच्या निरोगी माणसातली मर्यादा दोन्ही ठिकाणी सुमारे 0.6 ने जास्त भरली. हे घडतं कारण उतारवयात स्नायू झडतात, आणि जेवणानंतर रक्तात आलेली साखर उचलून नेणारं शरीरातलं सगळ्यात मोठं कोठार म्हणजे हेच स्नायू. स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटण्याचा वेग मंदावतो, पोटावरची चरबी वाढते, चालणं कमी होतं. उपाशीपोटीची साखर त्यामानाने थोडीच वाढते, जेवणानंतरची जास्त. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलेली भारतीय शरीराची ठेवण, बाहेरून बारीक आणि आतून चरबीदार, मुळातच स्नायूंच्या बाबतीत हलकी. त्या शरीराला म्हातारपण आलं की हा तोटा अधिकच जाणवणार.

याचा एक व्यावहारिक अर्थ निघतो. चौऱ्याहत्तरीच्या बाईंचा आकडा नेहमीच्या तपासणीत 6.6 आला, त्यांना ना तहान जास्त, ना लघवी जास्त, ना वजन घटतंय. 6.5 पासून मधुमेह मानतात, म्हणून त्या एका दिवसात मधुमेही ठरतात आणि गोळी सुरू होते. मला यात घाई दिसते. हा आजार डोळे आणि मूत्रपिंड बिघडवायला वर्षानुवर्षं घेतो. चौऱ्याहत्तरीला 6.6 वर असलेल्या बाईंना चालायला सांगावं, ताटातली डाळ आणि दही वाढवायला सांगावं, सहा महिन्यांनी पुन्हा पाहावं. रोज घाबरत जगावं असं त्या आकड्यात काही नाही.

ज्यांना मधुमेह आधीच आहे त्यांच्यात वय दोन्ही बाजूंनी ओढतं. इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी थकत जातात, म्हणून वर्षं जातील तसा आकडा वर चढू पाहतो. यूकेपीडीएसमध्येच हे दिसलं होतं, औषध कोणतंही असो, काही वर्षांनी आकडा हळूहळू वर. पण सत्तरीच्या पुढे कधीतरी उलटी ओढ सुरू होते. भूक मंदावते. कवळीमुळे भाकरी चावत नाही, मग ताटात मऊ भात आणि वरण उरतं, तेही निम्मं. वजन उतरतं. मूत्रपिंडं मंदावतात, आणि इन्सुलिन व साखरेच्या बऱ्याचशा गोळ्या शरीराबाहेर काढण्याचं काम मूत्रपिंडांचं असल्याने तीच गोळी आता जास्त वेळ रक्तात राहते. औषध तेच, मात्रा तीच, पण शरीरावरचा तिचा जोर वाढलेला. मग वर्षानुवर्षं आठवर अडलेला आकडा काही न करता 6.4 वर येतो. घरात आनंद होतो. मला वाटतं, त्या आनंदाआधी वजनकाटा आणि मूत्रपिंडाची तपासणी व्हायला हवी, कारण म्हातारपणी आपोआप सुधारलेली साखर पुष्कळदा शरीर खचत चालल्याची खूण असते. ब्रिटनमधल्या रुग्णांच्या नोंदींवरून 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सगळ्यात कमी मृत्यू साडेसातच्या आसपास आढळले, आणि त्याच्या वर जावं तसे वाढले, त्याच्या खाली जावं तसेही वाढले. खालच्या टोकाला आजारी माणसं जास्त असतात हे त्यामागचं एक कारण असणारच. पण मग खालचा आकडा म्हणजे तब्येत चांगली, हे समीकरण तरी कुठे टिकतं?

मूत्रपिंडाबाबत एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पंचेचाळीस किलोच्या, ऐंशी वर्षांच्या बाईंचं क्रिएटिनिन 1.1 आलं की रिपोर्टवर ते नॉर्मलच्या जवळपास दिसतं. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. स्नायूच उरले नसतील तर ते वाढणार कुठून? वय आणि बांधा धरून हिशेब केला की त्यांच्या मूत्रपिंडांचं काम निम्म्यावर, कधी त्याहूनही खाली आलेलं निघतं.

माप चुकण्याचा प्रश्न त्याहून नाजूक आहे, आणि आपल्या देशात तर फारच. आकडा साखरेवर अवलंबून असतो तितकाच तांबड्या पेशीच्या आयुष्यावरही. लोहाची कमतरता असेल तर रक्तात जुन्या पेशी जास्त काळ फिरत राहतात आणि साखर तेवढीच असूनही आकडा फुगतो. बी-12 कमी असलं तरी तेच, आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेतल्याने बी-12 उतरतं हे आता सर्वमान्य आहे. उलट रक्तस्राव झाला, रक्त चढवलं, मूत्रपिंडाच्या आजारासाठी एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं सुरू झाली, की नव्या कोवळ्या पेशी येतात आणि आकडा खोटाच खाली जातो. गडचिरोली आणि विदर्भाच्या इतर भागांत, तसंच नंदुरबारमध्ये सिकलसेल आहे. त्या आजारात पेशी लवकर मरतात, म्हणून तिथे या तपासणीवर विसंबता येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रिया रक्तक्षयाच्या आढळल्या. त्याच स्त्रिया पुढे म्हाताऱ्या होतात, आणि म्हातारपणी त्यांचं खाणं सुधारत नाही, घटतं. अशा बाईचा आकडा 7.8 आला म्हणून गोळी वाढवण्याआधी हिमोग्लोबिन किती हे पाहिलं पाहिजे. ते पाहिलं नाही, तर रक्त कमी असल्याची शिक्षा तिला साखरेच्या गोळीने मिळते.

आता ज्या धोक्यासाठी मी हे सगळं लिहितो आहे, त्याकडे. घडतं ते साधारण असं. शहात्तर वर्षांचे आजोबा. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची जोडगोळी सकाळ-संध्याकाळ. रात्री भूक नव्हती, म्हणून दोन घास ताक-भात खाऊन झोपले. गोळी मात्र घेतली, कारण गोळी चुकवायची नाही असं सगळ्यांनी बजावलेलं. पहाटे चारला उठले आणि न्हाणीघराच्या दाराशी भिंत धरून उभे राहिले. आजींनी विचारलं तर जीभ अडखळते, नजर लागत नाही, भलतंच काही बोलतात. घरच्यांना वाटतं अर्धांगाचा झटका. गाडी काढून दवाखाना गाठतात, तिथली सिस्टर आधी बोट टोचते. साखर 41. शिरेतून ग्लुकोज जातं आणि थोड्याच वेळात आजोबा डोळे उघडून विचारतात, "मला इथं कशाला आणलंत?" सगळे सुटकेचा श्वास सोडतात आणि घरी न्यायची घाई करतात. ती घाईसुद्धा धोक्याची, कारण ग्लिमेपिराइडच्या गटातल्या गोळीचा अंमल पुष्कळ तास टिकतो, मूत्रपिंड मंद असेल तर दिवसभर, आणि साखर पुन्हा उतरू शकते. आठवड्याने तपासणी होते, तीन महिन्यांची साखर 6.3, आणि शेरा मिळतो: उत्तम कंट्रोल. त्या 6.3 मध्ये पहाटेचे असे कितीतरी 50 आणि 60 मिसळलेले असतात. सरासरीत ते दिसत नाहीत. ते सरासरी सुंदर करतात.

तरुण माणसाची साखर उतरली तर हात थरथरतात, घाम सुटतो, छाती धडधडते, पोटात आग पडते. तो उठून काहीतरी खातो. म्हातारपणी, आणि जुन्या मधुमेहात, शरीराची ही हाकाटी बोथट होते. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल तर धडधड आणि थरथर दबते. थेट मेंदूच उपाशी पडतो आणि लक्षणं दिसतात ती गोंधळ, चिडचिड, झोपाळूपणा, तोल जाणं. यातलं प्रत्येक लक्षण आपल्याकडे वयाच्या खात्यावर मांडलं जातं. 'हल्ली दुपारी फार बरळतात', 'अलीकडे तोल जातो', 'वय झालं आता'. दुपारी दोन वाजता बोट टोचून पाहिलं असतं तर कळलं असतं. कॅलिफोर्नियातल्या सोळा हजारांहून अधिक वयस्क मधुमेहींच्या नोंदींवरून 2009 साली दिसलं की ज्यांना साखर उतरून रुग्णालयात यावं लागलं होतं, त्यांच्यात पुढे डिमेन्शियाचं प्रमाण जास्त निघालं. दोन वर्षांनी अमेरिकेतल्याच दुसऱ्या पाहणीत वयस्कांना औषधांच्या दुष्परिणामामुळे तातडीने दाखल करावं लागण्याची कारणं मोजली गेली. रक्त पातळ करणाऱ्या औषधांच्या बरोबरीने तिथे इन्सुलिन आणि साखरेच्या गोळ्या होत्या. इन्सुलिन आणि या गोळ्या मिळून सुमारे चौथा हिस्सा.

आपल्याकडे यात उपासांची भर पडते. संकष्टीला सकाळची ग्लिमेपिराइड घ्यायची आणि रात्री चंद्रोदयापर्यंत चहावर राहायचं, हे किती घरांत चालतं! ही गोळी पोटात अन्न आहे की नाही हे न पाहता स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेते. चंद्र साडेनऊला उगवला तरी ती आपलं काम सकाळीच सुरू करते. मग रात्री उपास सोडताना साबुदाणा, बटाटा, मोदक, आणि साखर अडीचशेच्या वर. दिवसा 55, रात्री 260, सरासरी मात्र छान. आजीला उपास सोडायला लावणं हा उपाय नाही. त्या दिवशीची गोळी कशी आणि किती, हे तिला आधी सांगून ठेवणं हा उपाय आहे. रोजे धरणाऱ्या वयस्कांसाठीही असं आधीचं बोलणं तितकंच गरजेचं.

हे सगळं माहीत असूनही औषध कमी का होत नाही? अमेरिकेत 65 च्या पुढच्या मधुमेहींची 2001 ते 2010 या दहा वर्षांची पाहणी 2015 साली प्रसिद्ध झाली. त्यातल्या सुमारे 60 टक्क्यांचा आकडा सातच्या आत होता आणि प्रकृती धडधाकट असो की अगदी खालावलेली, या प्रमाणात फारसा फरक नव्हता. सातच्या आत असलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक इन्सुलिनवर किंवा साखर खाली ढकलणाऱ्या गोळ्यांवर होते. म्हणजे उपचार माणूस पाहून ठरत नव्हते. आपल्याकडे वेगळं काही घडत असेल असं मानायला मला जागा दिसत नाही. ओपीडीत एका रुग्णाला मिळणारी काही मिनिटं गोळी वाढवायला पुरतात. कमी करायची तर चौकशी करावी लागते: जेवण किती, मध्येच गोंधळल्यासारखं होतं का, घरात दिवसभर कोण असतं. त्यात डॉक्टर बदलत राहतात आणि प्रत्येक जण आधीच्याच्या चिठ्ठीला एक ओळ जोडतो, खोडत कुणी नाही. पेन्शनीत निघालेले, आजार निमूट सोसणारे लोक 'गोळी कमी करा' म्हणायला धजत नाहीत. आणि मुलांचं काय? मुलगा पुण्यात किंवा न्यू जर्सीत, रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येतो, त्याला वडिलांचं चालणं दिसत नाही, आकडा दिसतो. तो फोनवर विचारतो, "बाबा, साडेसात कसं काय? डॉक्टरांना सांगून डोस वाढवून घ्या." त्याची काळजी खरीच असते. पण त्याच्याकडे पोचलेली माहिती तेवढीच असते.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप आहे आणि तो मी हलका मानत नाही. हे ऐकून लोक म्हाताऱ्यांकडे दुर्लक्ष करतील, 'आता काय राहिलंय, खाऊ दे' म्हणत साखर अकरा-बारावर सोडून देतील. असं होतं, मीही पाहिलं आहे. साखर 180 च्या वर राहू लागली की ती लघवीत उतरते, रात्री चार वेळा उठावं लागतं, आणि अंधारात न्हाणीघराकडे जाताना पडणं हे ठरलेलंच. शरीर कोरडं पडतं. जखम भरत नाही. मूत्रमार्गाचा संसर्ग पुन्हा पुन्हा होतो. कधी साखर सहाशेच्या पुढे जाऊन माणूस बेशुद्धीत जातो, आणि त्यातून म्हातारी माणसं सहज वाचत नाहीत. तेव्हा मोकळीक आणि हयगय यांत अंतर ठेवावंच लागेल. दुसरंही एक. नुसतं वय पाहून माप सैल करणंही चूकच. रोज टेकडी चढणारे, फक्त मेटफॉर्मिनवर 6.8 असलेले अठ्ठ्याहत्तरीचे गृहस्थ जसे आहेत तसेच उत्तम आहेत, कारण त्यांच्या औषधाने साखर धोक्याइतकी उतरत नाही. भारतीयांना मधुमेह युरोपीयांपेक्षा लवकर गाठतो. पस्तिशीत निदान झालेला माणूस सत्तरीला येतो तेव्हा त्याच्या डोळ्यांवर पस्तीस वर्षांचा भार असतो. बाहत्तरीला नव्याने निदान झालेल्या त्याच्या शेजाऱ्याशी त्याची तुलना होत नाही. आयसीएमआर-इंडिॲब या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशात 10 कोटी 10 लाख मधुमेही मोजले, गोव्यात तर प्रमाण 26.4 टक्के, देशात सर्वाधिक. हे सगळे पुढच्या दोन-तीन दशकांत म्हातारे होणार आहेत, प्रत्येकाचं म्हातारपण वेगळं असणार आहे आणि त्यांना दोन ओळींचा तक्ता पुरणार नाही.

चांगलं माप काही शोधायचं राहिलेलं नाही. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनच्या मार्गदर्शनात ते कित्येक वर्षं आहे: धडधाकट वयस्कासाठी सात ते साडेसातच्या आत, अनेक आजार असलेल्या किंवा रोजच्या कामात मदत लागणाऱ्यासाठी आठच्या आत, आणि प्रकृती अगदी खालावलेल्यासाठी या आकड्याचा आधारच न घेता साखर उतरू न देणं आणि त्रास होईल इतकी चढू न देणं. दंडावर चौदा दिवस चिकटवायचे सेन्सर आता आपल्याकडेही मिळतात. त्यांच्यासाठी 2019 साली ठरलेलं आंतरराष्ट्रीय माप तर बोलकं आहे. इतर प्रौढांनी दिवसाचा 70 टक्के वेळ 70 ते 180 च्या दरम्यान राहावं, वयस्क आणि नाजूक प्रकृतीच्या माणसाने निम्मा वेळ राहिलं तरी चालेल. पण 70 च्या खाली इतरांना चार टक्के वेळ चालतो, म्हणजे दिवसाला तासभर. वयस्काला एक टक्काच, पंधरा मिनिटंही नाही. सेन्सरला काही हजार रुपये लागतात आणि ते सगळ्यांना परवडणार नाहीत. पण ग्लुकोमीटरवर आठवड्यातून दोन-तीनदा, दुपारी जेवणाआधी आणि एखादे दिवशी पहाटे तीनला पाहिलेली साखर बरंच काही सांगते. औषधांचंही तेच. सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन या गटातली औषधं एकटी असली तर साखर धोक्याइतकी खाली नेत नाहीत. व्हिल्डाग्लिप्टिनचं पेटंट 2019 मध्ये आणि सिटाग्लिप्टिनचं 2022 मध्ये संपल्यावर ती स्वस्तही झाली. तेव्हा ग्लिमेपिराइडला पर्याय महाग, ही सबब आता पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही. आणि ग्लिबेनक्लामाइडसारखी जुनी, दीर्घ अंमलाची गोळी आजही एखाद्या ऐंशीच्या आजोबांच्या डब्यात असेल, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्यांच्या डॉक्टरांना फोन करून विचारावं. स्वतःच्या मनाने कोणतीही गोळी थांबवू नये, तेही तितकंच घातक ठरू शकतं. पण "ही कमी करता येईल का?" हा प्रश्न विचारण्याचा हक्क रुग्णाला आणि घरच्यांना आहे, आणि चांगला डॉक्टर त्या प्रश्नाने दुखावत नाही.

शेवटचा मुद्दा अंथरुणाला खिळलेल्या माणसांचा. ज्यांना भरवावं लागतं, ज्यांना दिवस-वार कळत नाही, त्यांच्या दंडात दर तीन महिन्यांनी सुई खुपसून हा आकडा काढण्याचं मला काहीच कारण दिसत नाही. त्यातून आलेलं 8.2 किंवा 8.6 त्यांचा उपचार बदलणार नसेल, तर ते रक्त काढायचं कशाला? त्यांची साखर 100 ते 200 च्या दरम्यान राहते आहे ना, ओठ कोरडे पडत नाहीत ना, लघवी फार वाढलेली नाही ना, पाठीला किंवा टाचेला जखम होत नाही ना, एवढं पाहणं पुरेसं असतं. जेवणाआधीचं इन्सुलिन चालू असेल तर ते जेवणानंतर देता येतं का, ताटातलं किती पोटात गेलं त्याप्रमाणे किती युनिट द्यायचे आणि काहीच खाल्लं नाही तर काय करायचं, हे डॉक्टरांनी कागदावर मराठीत लिहून सांभाळणाऱ्या बाईच्या किंवा सुनेच्या हातात द्यावं.